ओव्हाळ सरांचा गुण्या

नाही हो शालनबाई, ब्लाउज नाही झाला तुमचा, आणि आजही होईल असं वाटत नाही, उगाच खोटं कशाला बोलू... बाह्यांची तुरपाई मी चारदा घातली आणि चारदा उसवली, आणि मला काही वेड लागलेलं नाही, अठरा वर्षं काळेवाडीत याच दुकानात बसून शिवतेय मी, ती उसवायला लावली आमच्या मिस्टरांनी! आता लोखंडाच्या कंपनीतल्या माणसाचा तुरपाईशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच पाहिजे, मीही तेच विचारत होते. बसा त्या स्टुलावर. वहिनी, तुम्हीही बसा, तुमच्या साडीला फॉल लावून होईपर्यंत माझंही सांगून होईल. तो समोर चौकातला फ्लेक्स दिसतोय ना? आत्ता लागलाय तो नाही, त्याच्या आधी तिथं एक होता, तिथनं हे सगळं लागलं मागं.

तर आमचे नवनाथराव. चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहेत, म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेले पार्ट मोजायचे आणि केसभर जरी चुकला तरी लाल टॅग लावून बाजूला काढायचा, हे त्यांचं काम. माणूस कडक आहे हं. माल देणारे लोक यांच्या टेबलाशी आले की आवाज उतरतो त्यांचा, मॅनेजरसुद्धा दबून असतो म्हणतात. पण 'ओव्हाळ सर' हे दोन शब्द कानावर पडू द्या, अंगातलं बनियन ओलं! वय किती? बेचाळीस. बेचाळिसाव्या वर्षी माणूस शाळेतल्या मास्तरांना घाबरतो का हो? घाबरतो. मी सोळा वर्षं संसार केलाय, मी बघितलंय.

हे धम्मपाल ओव्हाळ सर म्हणजे यांच्या शाळेत टेक्निकल शिकवायचे. शाळेच्या मागं पत्र्याचं वर्कशॉप, पोरांना एकेक लोखंडाची पट्टी द्यायची, एकेक कानस द्यायची, आणि घासा म्हणायचं, सरळ आणि काटकोनात. झालं की पोरगं पट्टी घेऊन सरांपुढं उभं. सरांच्या हातात गुण्या, तो सुतार-गवंड्यांकडे असतो बघा, काटकोन तपासायचा. सर तो पट्टीला टेकवायचे, खिडकीकडे धरायचे, एक डोळा मिटायचे, आणि पट्टीच्या नि गुण्याच्या मधून एवढीशी जरी फट चमकली... 'उजेड दिसतोय. पुन्हा.' बस. मारणं नाही, ओरडणं नाही, पट्टी ठण्णकन भंगाराच्या डब्यात. नवनाथराव म्हणतात, दोन फटके मारले असते तर परवडलं असतं, त्या ठण्णची भीती काही जात नाही. खरं सांगते, आमच्याकडे अजून स्टीलचं ताट पडलं की हा माणूस जेवता जेवता उठून उभा राहतो.

बरं, चार-पाच महिन्यांपूर्वी यांच्या दहावीच्या ग्रुपवर आलं की ओव्हाळ सर पंचाहत्तरीचे झाले, त्यांचा कृतज्ञता सोहळा करायचा. चांगलीच गोष्ट आहे की! ग्रुपचा म्होरक्या तो माणचा रणजीत, प्लॉटची कामं करतो, फोनवर बोलला तरी फोनची गरज नाही, माणहून थेट ऐकू येईल असा आवाज. त्यानं एक लांबलचक ऑडिओ टाकला. 'भावांनो, शाल-नारळ लय झालं, सरांच्या घरी शालींचा गठ्ठा पडलाय. आपण टेक्निकलची पोरं हाय, हातानं काहीतरी करून देऊ. आपल्या नवन्यानं दहावीला जो जॉब केला व्हता, सरांनी शोकेसमधी ठिवलेला, तसाच मोठा करून सरांना द्यायचा. पण हातानं बरं का, मशीन न्हाई.' आणि खाली अंगठ्यांचा आणि टाळ्यांचा पाऊस. मी म्हटलं, अहो अभिनंदन, केवढा मान! आणि बघते तर माणूस खडूसारखा पांढरा, हातातलं बिस्कीट चहात विरघळून तळाला गेलेलं, आणि तोंडातनं एकच... 'सरांना कळलं तर?'

काय कळलं तर? दार लावून घेतलं, खिडकी लावून घेतली, आणि सोळा वर्षांत जे मला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. दहावीच्या सुरुवातीचा जॉब होता, जॉब म्हणजे वर्कशॉपात करायला दिलेली वस्तू, दोन पट्ट्या, एकीला खाच पाडायची आणि दुसरीला त्या खाचेत घट्ट बसेल अशी जीभ काढायची, सगळी कानशीनं. यांचा जॉब सरांनी अकरा वेळा डब्यात टाकला. अकरा वेळा, 'उजेड दिसतोय, पुन्हा.' बारावी पट्टी मिळाली आणि हे रडकुंडीला आले, दप्तरात घालून थेट भोसरीला किसनमामांच्या वर्कशॉपमध्ये. मामांनी मशीनवर अर्ध्या तासात दोन्ही पट्ट्या करून दिल्या. वरून यांनी हातानं कानशीच्या चार रेघा ओढल्या, घासलंय असं वाटावं म्हणून. सरांनी गुण्या लावला, खिडकीकडे धरला, बराच वेळ बघितलं, आणि काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी तो जॉब काचेच्या शोकेसमध्ये, खाली चिठ्ठी, 'नवनाथ मोराळे, आदर्श जॉब'!

एवढ्यावर भागलं असतं तर मी म्हटलं असतं जाऊ द्या, लहान होतात. पण पुढं कंपनीत लागायची वेळ आली तेव्हा सरांनीच तिथल्या ओळखीच्या साहेबाला चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी आमच्या कपाटात आहे, लॅमिनेशन केलेली, लग्नाच्या अल्बमच्या वर. 'हा मुलगा चुकीचं काम पास करणार नाही.' एवढंच लिहिलंय. आणि त्या एका ओळीवर ही नोकरी, हे घर, आमच्या लेकीचं, दिव्याचं शिक्षण, सगळं उभं, आणि त्या ओळीच्या खाली भोसरीचं मशीन! आता कळलं का तुम्हाला घाम कसला होता तो? मी म्हटलं, अहो, मग सांगून टाका ना सरांना, पंचवीस वर्षं झाली. तर म्हणतात, 'सांगू? आणि सरांना कळलं तर?' आता सांगितल्यावर कळणारच की हो, पण घाबरलेल्या माणसाला कोण समजावणार.

मग सुरू झालं गॅलरीत घासणं. दोन रविवार. खालच्या गिरजाबाई वर आल्या, म्हणाल्या दिपाली, तुमच्याकडं दात काढतायत का कुणाचे. तळहाताला फोड, तोंडावर लोखंडाची काळी पूड, आणि दर अर्ध्या तासानं माणूस ट्यूबलाइटखाली उभा, एक डोळा मिटून... 'उजेड दिसतोय.' स्वतःच म्हणायचं आणि स्वतःच पट्टी माझ्या धुण्याच्या बादलीत टाकायची. हातात राहिलंच नव्हतं हो काही. मोजायला येत होतं, करायला येत नव्हतं. ते मला म्हणाले, 'मला दुसऱ्याची चूक दिसते गं, माझा हात चालत नाही.' मला वाईट वाटलं त्या दिवशी, खोटं नाही सांगत.

आणि मग लागला फ्लेक्स. रणजीतचा, दुसऱ्या कुणाचा? वीस फुटी, भर चौकात, माझ्या या काउंटरच्या अगदी समोर. एका बाजूला ओव्हाळ सर, मधे रणजीत, तो असायचाच, आणि दुसऱ्या बाजूला आमचे नवनाथराव, कंपनीतला सेफ्टी चष्मा घातलेले, आणि खाली केवढाल्या अक्षरात 'सरांचे आदर्श विद्यार्थी यांनी स्वहस्ते घडवलेली भेट'. स्वहस्ते! माणूस त्या दिवसापासून मागच्या गल्लीनं जायला लागला. भाजी आणायला चालत जायचा तरी हेल्मेट घालून. कंपनीत जाऊन त्या रविवारी ओव्हरटाइम मागितला, आयुष्यात पहिल्यांदा, तर मॅनेजर म्हणाले, 'मोराळे, फ्लेक्स बघितला आम्ही, सुट्टी घ्या, गुरूचं कार्य आहे.' म्हणजे तोही रस्ता बंद.

सोहळ्याला चार दिवस राहिले आणि हे घरी आले ते पिशवीत काहीतरी जड घेऊन. कागद सोडला. शालनबाई, काय देखणा जॉब, आरशासारखा, खाचेत जीभ अशी बसायची की जोड दिसू नये. मी बोटानं वरच्या रेघा बघितल्या आणि म्हटलं, कुठल्या मशीनवर केलात? दचकले. 'तुला कसं कळलं?' अहो, मी काय करते दिवसभर? हाताची तुरपाई आणि मशीनची शिलाई मला चार पावलांवरनं कळते, हाताचा टाका कुठंतरी लहानमोठा होतोच. मला शिंपिणीला कळतंय, तर ज्यांनी चाळीस वर्षं पोरांच्या कानशी बघितल्या त्यांना कळणार नाही? बाई गं, हे बोलायला नको होतं मी. माणसानं कॉटवर बसकण मारली आणि परत तेच, 'सरांना कळलं तर... सरांना कळलं तर...'

मग शनिवारी रणजीतचा फोन, सरांच्या दोन्ही डोळ्यांचं काहीतरी झालंय, बारीक दिसत नाही आता, स्टेजवर हाताला धरून न्यावं लागेल. आणि यांच्या चेहऱ्यावर... कसं सांगू... रंग आला हो. बरं वाटलं त्यांना. मी बघितलं ते, आणि त्यांनी मला बघताना बघितलं. मी म्हटलं, लाज वाटू द्या, ज्यांनी तुम्हाला उभं केलं त्यांचे डोळे गेले म्हणून तुम्ही सुटकेचा श्वास टाकता? हे त्या रात्री जेवले नाहीत. मला त्या दिवशी त्यांचा राग आला होता आणि भीतीही वाटत होती, की हा माणूस असा नव्हता, भीतीनं असा झालाय.

रविवारी सोहळा, काळेवाडीतलाच हॉल. सरांना आणायला रणजीतनं चऱ्होलीला मोठी गाडी पाठवली, ती गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली, आणि सर आपले बसनं आले, वेळेच्या आधी, हॉलला कुलूप! आम्ही पोचलो तर पायरीवर बसलेले, पांढरा हाफ शर्ट, खिशाला पेन, मांडीवर कापडी पिशवी. यांनी लांबनंच बघितलं आणि माझ्या मागं आले. अहो, मी पाच फूट, माझ्या मागं काय लपता! हे म्हणाले, हळू बोल. सरांनी त्या आवाजावरनंच ओळखलं. 'नवनाथ ना रे? वाळलायस का सुजलायस, मला दिसत नाही.' यांनी 'हो सर' म्हटलं. कशाला हो म्हटलं, त्यांनाच माहीत.

भाषणं झाली. रणजीतनं तर अर्धा तास स्वतःवरच केलं. मग नाव पुकारलं, आमचे नवनाथराव जॉब घेऊन स्टेजवर, हातातल्या दोन पट्ट्या एकमेकींवर खुळखुळ वाजतायत. सरांनी जॉब घेतला. बघितला नाही, नुसता अंगठा फिरवला, सावकाश, कडेकडेनं. जीभ खाचेत बसवली, टक् झालं. आणि मग पिशवीत हात घातला. मी पहिल्या रांगेत होते, मला वाटलं चष्मा काढतील. पिशवीतनं काय निघालं? गुण्या! तोच, जुना, लाकडी मुठीचा. कृतज्ञता सोहळ्याला कुणी गुण्या घेऊन येतं का हो? मला तिथं खुर्चीत घाम फुटला, त्यांचं काय झालं असेल.

सरांनी गुण्या जॉबला टेकवला, स्टेजवरच्या लाइटकडे धरला, सवयीनं एक डोळा मिटला, आणि खाली केला. दोन्ही यांच्या हातात दिले. माइक चालू होता, सगळ्या हॉलनं ऐकलं. 'मला आता बारीक दिसत नाही. तू बघून सांग. उजेड दिसतोय का?'

यांनी बघितलं. मशीनचा जॉब तो, कुठनं दिसणार? 'नाही, सर.' 'अजिबात?' 'अजिबात नाही, सर.' आणि अशा टाळ्या, अशा शिट्ट्या, रणजीत तर स्टेजवर नाचायला लागला. सर म्हणाले, 'हं.' फक्त हं. आणि जाऊन खुर्चीत बसले. मी आयुष्यात लई लोकांचं ऐकून घेतलंय, सासूबाईंचंसुद्धा, पण त्या 'हं'सारखं काही ऐकलं नव्हतं.

नंतर हॉलच्या मागं, जिथं खुर्च्या रचून ठेवतात त्या खोलीत सर चहा पीत बसले होते, बशीत ओतून, आणि निरोप आला, नवनाथला बोलवा. हे म्हणाले, तू चल. गेले मी, सोडते की काय. सरांनी एवढंच विचारलं, किती दिवस लागले रे घासायला. आणि मला वाटलं आता हे म्हणणार दोन महिने, आणि परत एक चिठ्ठी, परत एक फ्लेक्स, आणि मरेपर्यंत माझ्या घरात 'सरांना कळलं तर'... आणि मग हा माणूस, चाकणला लोक ज्याला टरकतात तो, जमिनीवर सरांच्या पायाशी बसला. 'घासलाच नाही, सर. मशीनवर केला. आणि... दहावीचापण मशीनवरच केला होता.'

सरांनी बशी संपवली. म्हणाले, 'माहितीये.'

माहितीये! पंचवीस वर्षं! माझ्या हातातला कप कलंडला. सर म्हणाले, 'हातानं घासलेल्या जॉबला कुठंतरी उजेड दिसतोच. माझ्यासुद्धा दिसायचा. तुझ्या जॉबला दिसला नाही, तेव्हाच कळलं. आजही तेच विचारलं तुला.' हे म्हणाले, 'मग शोकेसमध्ये का ठेवला, सर?'

'तू रोज तिथनं जायचास.'

मला राहवेना, मी म्हटलं, सर, मग ती कंपनीची चिठ्ठी? खोटं लिहिलंत? सर माझ्या आवाजाकडे वळले. 'नाही मुली. तो शोकेससमोरनं मान खाली घालून जायचा, वर्षात निम्मा झाला वाळून. एका खोट्या जॉबचं ज्याला एवढं लागतं, तो दुसऱ्याचं खोटं पास करणार नाही, हे मला कळत होतं.' मी रडले बाई तिथं. हेही रडले. आणि मला वाटलं, चला, सुटलो. संपली भीती. यांनी सरांच्या पायाला हात लावला, उठायला लागले, तर सर म्हणतात, 'पण जॉब राहिलाय तुझा. रविवारी घरी ये. कानस माझ्याकडे आहे.'

तेव्हापासून आज बारा रविवार झाले. सकाळी सातला डबा घेऊन हा माणूस चऱ्होलीला. सरांच्या मागच्या पडवीत हे घासतात आणि सर खुर्चीत डोळे मिटून नुसतं ऐकतात, आणि आवाजावरनं सांगतात, 'डावा हात दाबतोयस.' उजेड बघायचं काम मात्र यांचंच. स्वतः बघायचं, स्वतः सांगायचं, 'दिसतोय, सर', आणि सर म्हणणार, 'पुन्हा.' आणि मग तेच घरी! मी तुरपाई घालून ठेवली की हा माणूस तुमची बाही ट्यूबलाइटसमोर धरतो, एक डोळा मिटतो... मी म्हटलं अहो, कापड आहे, उजेड दिसणारच! तर म्हणतात, टाका लांब पडलाय, बघ. आणि खरंच पडलेला असतो हो, तेच तर दुखणं आहे. म्हणून चारदा उसवली, शालनबाई.

आता तो समोरचा फ्लेक्स. मागच्या महिन्यात रणजीत सरांकडे पेढे घेऊन गेला, पडवीत हे घासताना दिसले, त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, डोळे पुसत फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी चौकात हा पंचवीस फुटी, 'याला म्हणतात गुरुसेवा! आदर्श शिष्य नवनाथ मोराळे!' येणारा-जाणारा यांना थांबवून पाया पडायचा बाकी आहे. हे धावत सरांकडे गेले. म्हणाले, सर, आता मात्र मला राहवत नाही, मी ग्रुपवर सगळं खरं सांगून टाकतो आणि तो फ्लेक्स उतरवायला लावतो.

सरांनी विचारलं, जॉबला उजेड दिसतोय का अजून. हे म्हणाले, दिसतोय. मग सर म्हणाले, 'जॉब झाला की सांग सगळ्यांना. तोवर राहू दे फ्लेक्स. तुझ्या रोजच्या रस्त्यावर आहे ना?'

बुधवारी या, शालनबाई... नको, गुरुवारी.